बक्षीस, शिक्षा आणि पडद्यावरची शाळा



मुलांना शिस्त कशी लावावी, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. पंतोजींच्या शाळेंत त्याचें उत्तर छडीच्या रूपानें सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. छडीच्या जोडीला अंगठे धरून उभें राहणें, बाकावर उभें राहणें, वर्गाबाहेर जाणें हे प्रकार होतेच. दुसऱ्या बाजूनें वहीवरचा ‘शाबास’ हा शेरा, बक्षीस-समारंभांतलें पुस्तक आणि प्रगतिपुस्तकांतला पहिला क्रमांक हीं प्रलोभनें होतीं. या सर्व साधनांमध्यें एक गोष्ट समान होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखालीं बसलेले असत. शिक्षा करणाऱ्याला शिक्षा भोगणाऱ्याचा चेहरा दिसत असे, आणि कित्येकदां तो चेहरा पाहूनच उगारलेला हात खालीं येत असे.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें आपल्याकडील शाळा बंद झाल्या आणि वर्ग एकाएकीं मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यावर आला. पुढें ती आपत्ति ओसरली, मुलें पुन्हां शाळेंत गेलीं. परंतु पडद्यावरची शाळा आपल्या घरांतून गेली नाहीं. शिकवणीचे वर्ग, परदेशी भाषांचे पाठ, स्पर्धापरीक्षांची तयारी, विद्यापीठांचे अभ्यासक्रम, इतकेंच काय पण लहान मुलांचा गृहपाठदेखील आतां पुष्कळ घरांत याच वाटेनें येतो. तेव्हां जेथें शिक्षकाचा हात पोंचत नाहीं आणि डोळाहि नीट पोंचत नाहीं, तेथें शिस्त राखावयाची कशी, हा प्रश्न केवळ त्या एका संकटकाळाचा राहिलेला नाहीं. आजच्या भाषणांत मला त्याचाच विचार करावयाचा आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पडद्यावरच्या शाळेंत बक्षीस आणि शिक्षा हीं दोन्ही साधनें फार सोपीं झालीं आहेत. एका बटणाचें काम होऊन बसलीं आहेत. सोपीं झालीं आहेत म्हणूनच तीं पूर्वींपेक्षां अधिक जपून वापरलीं पाहिजेत. कारण यंत्राला मुलाची हजेरी मोजतां येते, त्याचें लक्ष मोजतां येत नाहीं. त्याला चूक दिसते, चुकीचें कारण दिसत नाहीं.

प्रथम शिक्षेकडे पाहूं. एक बटण दाबलें कीं मुलाचा आवाज बंद होतो. दुसरें दाबलें कीं मूल वर्गाबाहेर जातें. उशीर झाला तर हजेरीपटांत ‘गैरहजर’ अशी नोंद आपोआप होते. गृहपाठ न पाठविणाऱ्यांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲपवरील गटांत झळकते. यांपैकीं कोणत्याहि प्रकारांत मुलाच्या अंगाला हात लागत नाहीं. म्हणून या शिक्षा सौम्य आहेत असें आपणांस वाटतें. पण जरा बारकाईनें पाहिलें तर त्यांतील कठोरपणा ध्यानांत येतो. वर्गांत बाकावर उभा केलेला मुलगा लाजेनें चूर होत असेल. तरी पण फळा त्याला दिसत असे, धडा त्याच्या कानांवर पडत असे. पडद्यावरून काढून टाकलेल्या मुलासमोर मात्र काळ्या कांचेखेरीज कांहींच उरत नाहीं. जें शिकविण्यासाठीं शिस्त हवी, तेंच शिक्षण शिस्तीच्या नांवाखालीं काढून घेतलें जातें.

आणि शरमेची शिक्षा ही नेहमींच सौम्य असते, असा अनुभव शिक्षणाच्या इतिहासांत नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं गरीब मुलांसाठीं शाळा काढली. एकाच शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें असावयाचीं आणि मोठ्या मुलांनीं लहानांना शिकवावयाचें, अशी ती पद्धति होती. असाच प्रयोग त्यापूर्वीं आपल्याकडे मद्रास येथील अनाथाश्रमांत अँड्र्यू बेल यांनीं केला होता. लँकेस्टर यांना मारपीट मान्य नव्हती. म्हणून त्यांनीं छडीऐवजीं मुलांच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकविणें, त्यांना टोपलींत बसवून छताला टांगणें, असे उपाय योजिले. आणि चांगल्या वागणुकीबद्दल तिकिटें देऊन त्यांवर बक्षिसें ठेविलीं. सुधारणा म्हणूनच हें सर्व झालें. अंगावरचा वळ गेला, पण त्याच्या जागीं चारचौघांतील मानहानि आली. व्हॉट्सॲपच्या गटांत नांवांची यादी लावणाऱ्यानें हें उदाहरण अवश्य ध्यानांत घ्यावें. पूर्वीं वर्गांतली फजिती वर्गांतल्या चाळीसजणांपुरती असे. आतां ती चाळीस कुटुंबांपर्यंत जाते.

आपल्या कायद्यानेंहि हा भेद ओळखला आहे. २००९ सालीं संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा आपल्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षेला मनाई करतो; परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यानें मानसिक छळालाहि तितकीच स्पष्ट मनाई केली आहे. मुलाच्या अंगाला हात लावला नाहीं, एवढ्यानें शिक्षकाची जबाबदारी संपत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शिक्षा करण्यापूर्वीं अपराध झाला आहे कीं नाहीं हें ठरविलें पाहिजे. वर्गांत मूल खिडकीबाहेर पाहत असलें तर तें खिडकीबाहेर पाहत आहे हें शिक्षकास दिसतें. पडद्यावर मूल नाहींसें झालें तर त्याचा अर्थ काय? कदाचित् तें खेळावयास गेलें असेल. कदाचित् वीज गेली असेल. कदाचित् घरांतला एकुलता एक फोन घेऊन वडील कामावर गेले असतील, किंवा त्याच वेळीं थोरल्या बहिणीचा वर्ग असेल. ‘बाई, नेट गेलें होतें,’ हें वाक्य खोटेंहि असूं शकतें आणि अक्षरशः खरेंहि असूं शकतें. ग्रामीण भारतांतील शाळकरी मुलांच्या घरांची पाहणी ‘असर’ या नांवानें प्रसिद्ध होते. तिच्याप्रमाणें घरीं स्मार्टफोन असलेल्या मुलांचें प्रमाण २०१८ मध्यें ३६.५ टक्के होतें, २०२० मध्यें तें ६१.८ टक्के झालें आणि २०२१ मध्यें ६७.६ टक्के. म्हणजे महामारीच्या ऐन भरांत तीन मुलांपैकीं एकाच्या घरीं हें साधनच नव्हतें. ज्यांच्या घरीं तें होतें, त्यांतीलहि सुमारें एकचतुर्थांश मुलांना तें हातांत मिळत नव्हतें. अशा स्थितींत ‘गैरहजर’ या एका शब्दाखालीं आळस आणि गरिबी या दोहोंची नोंद एकाच खणांत होत होती.

हा भेद न ओळखला तर गोष्ट कोठवर जाऊं शकते, याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. मिशिगन राज्यांतील एक पंधरा वर्षांची मुलगी पूर्वींच्या एका प्रकरणांत न्यायालयाच्या देखरेखीखालीं घरीं राहत होती. शाळा बंद होऊन वर्ग संगणकावर भरूं लागले, आणि तिनें तो अभ्यास पुरा केला नाहीं या कारणावरून २०२० च्या मे महिन्यांत तिची रवानगी अल्पवयीन मुलांच्या कोठडींत झाली. ३१ जुलै २०२० रोजीं वरिष्ठ न्यायालयाच्या हुकुमानें तिची सुटका झाली. ज्या दिवसांत मोठमोठ्या माणसांनाहि घरीं बसून काम करतांना मन लावणें कठीण जात होतें, त्या दिवसांत एका मुलीचा न झालेला गृहपाठ हा कोठडीचा विषय झाला. हें उदाहरण टोंकाचें आहे यांत शंका नाहीं. पण टोंकाचीं उदाहरणें वाट कोणत्या दिशेला जाते तेवढें दाखवितात.

शिक्षेची धाकटी बहीण म्हणजे पाळत. ‘कॅमेरा चालू ठेवा, नाहीं तर हजेरी लागणार नाहीं,’ असा दंडक कित्येक ठिकाणीं घालण्यांत आला. शिक्षकाची अडचण खरी आहे. तीस काळ्या चौकोनांकडे पाहून शिकविणें म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपुढें व्याख्यान देण्यासारखें आहे. तरीहि कॅमेरा चालू झाला कीं मुलाबरोबर त्याचें घरहि वर्गांत येतें. दोन खोल्यांतील वाळत घातलेले कपडे, मागें खोकत असलेले आजोबा, पाहुण्यांची वर्दळ हें सर्व इतर मुलांना दिसूं लागतें. शाळेच्या गणवेशाचा एक मोठा गुण असा कीं, त्यानें घराघरांतला फरक कांहीं तास तरी झांकला जातो. कॅमेऱ्यानें तो उघडा पडतो.

परीक्षांच्या बाबतींत तर पाळत याहून पुढें गेली. उमेदवारानें कॅमेरा फिरवून आपली सर्व खोली दाखवावी, अशी अट कांहीं विद्यापीठांनीं घातली होती. अमेरिकेंतील क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें तिच्याविरुद्ध दाद मागितली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें तेथील संघीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, विद्यार्थ्याच्या खोलीची अशी पाहणी ही राज्यघटनेनें निषिद्ध मानलेली अवाजवी झडती होय. नकल थांबविणें योग्य आहे. पण त्यासाठीं घराची झडती घेण्याऐवजीं प्रश्नपत्रिका बदलणें हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. पुस्तक उघडून तत्काळ ज्याचें उत्तर सांपडतें तो प्रश्न घरीं सोडविण्यास देऊन मग उमेदवाराच्या प्रामाणिकपणावर संशय घेणें, यांत परीक्षकाचाहि थोडा दोष आहेच.

आतां बक्षिसाकडे वळूं. कोणी म्हणेल, शिक्षेचे दोष आम्हांस मान्य आहेत. म्हणूनच तर नव्या शिक्षणांत मुलांना तारे, गुण, पदकें आणि टाळ्या दिल्या जातात. त्यांत वाईट काय आहे?

ही कल्पना दिसते तितकी नवी नाहीं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानें १९१२ सालींच अशा एका यांत्रिक पुस्तकाची कल्पना मांडली होती कीं, ज्याचें पहिलें पान समजून पुरें केल्याशिवाय दुसरें पान दिसूंच नये. आजच्या ॲपमध्यें पुढच्या धड्यावर कुलूप दिसतें, त्याचा हा पूर्वज. पुढें १९२० नंतरच्या दशकांत ओहायो येथील प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनीं प्रश्न विचारणारें एक यंत्र बनविलें आणि बरोबर उत्तरें देणाऱ्यास गोळी मिळावी अशीहि सोय त्याला जोडली. १९५३ मध्यें बी. एफ. स्किनर हे आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहण्यास गेले. आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें मुलांना लगेच कळत नाहीं, आणि हुशार व मंद अशा सर्वांना एकाच चालीनें चालावें लागतें, हे दोन दोष त्यांना दिसले. त्यांतून त्यांचें शिकविणारें यंत्र जन्मास आलें. स्किनर यांना न्याय द्यावयाचा तर हें सांगितलें पाहिजे कीं, आपलें उत्तर बरोबर आहे हें तत्काळ कळणें हेंच त्यांच्या मतें पुरेसें बक्षीस होतें. गोळीची आवश्यकता नव्हती. आजच्या पडद्यावर मात्र प्रेसींची गोळीच शतरंगी होऊन परत आली आहे.

या गोळीचा परिणाम काय होतो, याचा एक सुंदर प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंत झाला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनीं तो १९७३ मध्यें प्रसिद्ध केला. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनीं चित्रें काढण्याची मुळांतच आवड होती अशीं मुलें त्यांनीं निवडलीं. एका गटाला आधींच सांगितलें कीं, चित्र काढलें तर सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तें प्रशस्तिपत्र न सांगतां, चित्र झाल्यावर दिलें. तिसऱ्या गटाला कांहींच दिलें नाहीं. पुढें एकदोन आठवड्यांनीं तींच पेनें खेळण्याच्या वेळीं मुलांसमोर ठेवण्यांत आलीं. बक्षिसाचा करार करून चित्रें काढणारीं मुलें आतां इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलीं. काम तेंच, मुलें तींच. पण ‘आवडतें म्हणून’ याच्या जागीं ‘मिळतें म्हणून’ हें कारण येऊन बसलें, आणि मिळणें थांबतांच तें कारणहि संपलें.

मारिया माँटेसरी यांना हें त्याहून पुष्कळ आधीं उमगलें होतें. त्यांनीं १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. आपल्या बालगृहांतील एक प्रसंग त्यांनीं नोंदवून ठेविला आहे. एका मुलाला चांगल्या वागणुकीबद्दल छातीवर लावण्याचें पदक मिळालें होतें, आणि दुसरा मुलगा शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविलेला होता. पदकवाला आपल्या कामांत इतका गढून गेला होता कीं त्याला पदकाची अडचणच वाटत होती. खुर्चीवरच्या मुलाला तें हवें असेल तर त्यानें खुशाल घ्यावें, अशी त्याची वृत्ति होती. बक्षीस शिक्षा भोगणाऱ्याच्या हातीं गेलें आणि दोघेहि संतुष्ट राहिले. काम करणाऱ्या मुलाला पदक नको असतें, असा बोध माँटेसरी यांनीं त्यांतून घेतला. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं भावनगरच्या बालमंदिरांत हाच विचार रुजविला, १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३९ च्या अखेरीस स्वतः माँटेसरीबाई मद्रासला येऊन अनेक वर्षें भारतांत राहिल्या. भय आणि लालूच हीं दोन्ही बालमंदिराच्या दाराबाहेर ठेवावींत, ही शिकवण आपल्या भूमींत शंभर वर्षांची आहे.

पडद्यावरच्या बक्षिसांत आणखी दोन दोष आहेत. पहिला असा कीं, जें मोजतां येतें त्यालाच तें दिलें जातें: किती वेळ बसला, किती प्रश्नांना बोट लावलें, किती दिवस सलग आला. मुलें हुशार असतात. जें मोजलें जातें तेंच तीं करूं लागतात. सोपा धडा पुन्हां पुन्हां सोडवून गुण साठविणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्यानें दुकानाचा हिशेब बरोबर ओळखलेला असतो. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पुष्कळ ॲपमध्यें सलग दिवसांची एक साखळी दाखवितात. शंभर दिवस झाले, दीडशें दिवस झाले, असें कौतुक होतें. पुढें एके दिवशीं मूल तापानें पडतें आणि साखळी तुटते. त्या दिवसापर्यंत जें बक्षीस होतें तेंच आतां शिक्षा होतें, आणि तीहि अपराधाशिवाय. साखळी हा शब्द येथें अगदीं यथार्थ आहे.

याचा अर्थ मुलाचें कधींच कौतुक करूं नये, असा मात्र कोणीं करून घेऊं नये. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनीं १९९९ मध्यें अशा १२८ प्रयोगांचा एकत्र विचार केला. आधीं कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसानें आवड घटते, हेंच त्यांतून दिसलें. पण त्या घटीचा प्रश्न आवड मुळांत आहे अशा कामांपुरताच आहे. पाढे पाठ करण्यासारख्या रुक्ष कामाला आरंभीं एखादी लहानशी गंमत जोडली तर आकाश कोसळत नाहीं. आणि नेमका शब्द तर बक्षिसाहून श्रेष्ठ ठरतो. रूथ बटलर यांनीं इस्राएलमधील पांचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांना केवळ गुण दिले, कांहींना केवळ लेखी अभिप्राय दिला आणि कांहींना दोन्ही दिले. ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांचें काम आणि आवड हीं दोन्ही वाढलीं. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना मात्र अभिप्रायाचा लाभ झाला नाहीं. गुणांचा आंकडा दिसल्यावर त्याखालच्या ओळीचा प्रभाव उरला नाहीं. पन्नास ताऱ्यांपेक्षां ‘तुझ्या दुसऱ्या उदाहरणांत हातचा राहून गेला, बाकीची रीति बरोबर आहे’ ही एक ओळ मुलाला अधिक पुढें नेते. आणि ही ओळ लिहिण्यासाठीं कोणीतरी तें उदाहरण खरोखर वाचावें लागतें.

यावर व्यवहारी माणूस विचारील: शिक्षा नको, बक्षीस नको, मग वर्ग चालावा कसा? खोट्या नांवानें येणारे, शिक्षकाच्या पानावर रेघोट्या ओढणारे, संभाषणाच्या चौकटींत अपशब्द लिहिणारे विद्यार्थी काय कल्पनेंतले आहेत? नाहींत, ते खरे आहेत, आणि त्यांना आवरलेंच पाहिजे. परंतु उपाय अपराधाच्या मापाचा असावा. अपशब्द लिहिला तर त्याचें लिहिणें त्या तासापुरतें बंद करावें, ऐकणें बंद करूं नये. पान खराब केलें तर तें त्याच्याकडूनच नीट करवून घ्यावें. तास संपल्यावर त्याच्याशीं एकट्यानें दोन मिनिटें बोलावें. चारचौघांत बोलूं नये. वारंवार अनुपस्थित राहणाऱ्याच्या घरीं फोन करावा, पण पहिला प्रश्न ‘कां आला नाहींस?’ असा दरडावून न विचारतां ‘कांहीं अडचण आहे कां?’ असा विचारावा. पुष्कळदां दुसरा प्रश्न विचारण्याची पाळीच येत नाहीं.

शिक्षकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मी या क्षणीं आपणांशीं बोलत आहें, आणि आपण मला दिसत नाहीं. कोणी ऐकत असेल, कोणी स्वयंपाकघरांत गेला असेल, कोणीं बटण फिरवून गाणीं लावलीं असतील. त्यांना बाकावर उभें करण्याची सोय माझ्यापाशीं नाहीं, आणि शेवटपर्यंत ऐकणाऱ्यास देण्यास तारेहि नाहींत. दूरून बोलणाऱ्याच्या हातीं एकच उपाय असतो: ऐकण्याजोगें बोलावें आणि वेळेवर थांबावें. पडद्यावरच्या शिक्षकाला याहून थोडें अधिक साधतें. तो प्रश्न विचारूं शकतो, नांवानें हांक मारूं शकतो, उत्तर ऐकूं शकतो. हें त्याचें खरें बळ आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२० मध्यें ‘प्रज्ञाता’ या नांवानें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत पहिली ते आठवीसाठीं दिवसाकांठीं ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास आणि नववी ते बारावीसाठीं चार तास पुरेसे मानले होते. ही मर्यादा डोळ्यांच्या आरोग्यापुरतीच उपयोगी आहे असें नाहीं. चार तास सलग व्याख्यान देऊन मग मुलें लक्ष देत नाहींत म्हणून त्यांना शिक्षा करणें, हा न्याय नव्हे. पाठ लहान असला, प्रत्येकाला कांहींतरी करावयास असलें, आणि केलेलें कोणी पाहणार आहे अशी मुलाची खात्री असली, म्हणजे बेशिस्तीचा अर्धा भाग आपोआप नाहींसा होतो.

शेवटीं दोन शब्द आपणां आईबापांविषयीं. पडद्यावरची शाळा घरांत भरते. तेव्हां तिच्या शिस्तीचा निम्मा भार घरावरच पडतो. आपल्या घरांत मोबाइल ही वस्तु एकाच वेळीं चार कामें करते. ती मुलाची पाटी आहे, तेंच त्याचें खेळणें आहे, चांगलें वागल्याचें बक्षीस म्हणून आपण तीच देतों, आणि रागावलों म्हणजे तीच काढून घेतों. अभ्यास केलास तर अर्धा तास मोबाइल मिळेल, असें सांगितलें कीं अभ्यास ही किंमत झाली आणि मोबाइल हा माल झाला. दांडगाई केलीस म्हणून मोबाइल बंद, असें म्हटलें कीं उद्यांचा धडाहि त्याबरोबर बंद झाला. हीं चार कामें शक्य तितकीं वेगळीं ठेवावींत. अभ्यासाची वेळ आणि जागा ठराविक असावी, त्या वेळीं पाटी मिळावीच, आणि ती रागलोभावर अवलंबून नसावी. खेळाची वेळहि निराळी व ठराविक असावी. तीहि सौद्याची वस्तु होऊं नये.

वर्ग चालू असतांना मुलाच्या कानाशीं बसून उत्तरें सुचविणें, हा प्रेमाचा प्रकार आपण टाळावा. मुलाचें चुकीचें उत्तर शिक्षकाला ऐकूं येणें हा त्या तासाचा एक मोठा लाभ असतो. शेजारच्या मुलाचे तारे मोजून आपल्या मुलाला दाखवूं नयेत. संध्याकाळीं ‘आज किती गुण मिळाले?’ असें विचारण्यापेक्षां ‘आज काय नवें कळलें? काय कळलें नाहीं?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर यंत्र देऊं शकतें, दुसऱ्याचें फक्त मूलच देऊं शकतें. आणि मूल बोलूं लागलें तर आपल्याहि हातांतला फोन थोडा वेळ खालीं ठेवावा.

आपल्या पाठ्यपुस्तकांत धड्याच्या शेवटीं जे प्रश्न असतात त्यांना ‘स्वाध्याय’ म्हणतात. रोजच्या वापरानें त्या शब्दाचा अर्थ आपल्या ध्यानांतून गेला आहे. स्वाध्याय म्हणजे स्वतः केलेलें अध्ययन. पडद्यापलीकडील शिक्षकाला कोणी पाहतां येत नाहीं, आणि मुलावर अखंड नजर ठेवणें आईबापांनाहि शक्य नाहीं. अशा वेळीं मूल आपण होऊन वही उघडतें कीं नाहीं, यावरच या शाळेचें यश ठरेल. भीतीनें उघडलेली वही भीति गेली कीं मिटते. ताऱ्यांसाठीं उघडलेली वही तारे संपले कीं मिटते. मुलाला स्वतःच्या प्रगतीची चव एकदां लागली, म्हणजे ती वही उघडण्यासाठीं आपणांस फारसें कांहीं करावें लागत नाहीं. तेथवर त्याला धीरानें नेणें, एवढेंच शिक्षकाचें आणि आईबापांचें काम आहे.